इंग्रजी एक, अर्थ अनेक

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)



गटाच्या बैठकीत एक वाक्य हमखास ऐकू येतं. "ताई, आपल्याला कुठं इंग्रजी येतंय? म्हणून तर आपण मागे." इंग्रजी आलं की सगळं कळतं, सगळी दारं उघडतात, असं आपल्याला वाटतं. म्हणून आज मी जरा लांबचा विषय घेतला आहे. ज्यांची मायबोलीच इंग्रजी आहे, त्या इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलियातल्या लोकांना एकमेकांचं बोलणं नेहमी कळतं का? तर नाही. पुष्कळदा घोटाळे होतात. काही घोटाळे हसण्यावारी जातात, काही जिवावर बेततात.

विषय लांबचा असला तरी आता आपल्या दारापर्यंत आला आहे. कुणाची मुलगी नर्सिंग करून परदेशी जायचं म्हणते. कुणाचा भाचा पुण्यात रात्रपाळीला बसून अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांचे फोन घेतो. कुणी आई लेकीच्या बाळंतपणासाठी विमानात बसते. म्हणून हे आपल्यालाही ठाऊक असलेलं बरं.

आधी आपलंच बोलणं बघू

घरातून निघताना आपण "जाते" म्हणत नाही, "येते" म्हणतो. दुकानदार रात्री दुकान "वाढवतो", म्हणजे बंद करतो. बांगडी "वाढली" म्हणजे फुटली. आणि कुणी "बघू हं" म्हणालं, की आपण समजून जातो, हे काम काही होत नाही. नुसते शब्द शिकून मराठी बोलणाऱ्या परक्या माणसाला यातलं काही कळेल का? शब्द कळतील, अर्थ निसटेल. कारण अर्थ शब्दात जेवढा असतो तेवढाच रीतीभातीत असतो.

इंग्रजीचंही तसंच आहे. ही भाषा मूळची इंग्लंडची. १६०७ साली इंग्रजांची पहिली टिकाऊ वसाहत अमेरिकेत झाली. १७८८ साली ऑस्ट्रेलियात झाली. तेव्हा जहाजाने जायला महिनेच्या महिने लागत. एकदा गेलेली माणसं क्वचितच परतत. मग सासरी गेलेल्या लेकीसारखं झालं. लेकीनं माहेरचं जुनं ते जपलं आणि सासरचं नवं ते घेतलं. इकडे माहेरही बदलत राहिलं. उदाहरण गॅलनचं घ्या. इंग्लंडने १८२४ साली कायदा करून गॅलनचं माप बदललं. अमेरिकेनं जुनंच ठेवलं. म्हणून आजही इंग्लंडचा गॅलन साधारण साडेचार लिटरचा आणि अमेरिकेचा पावणेचार लिटरचा. नाव एक, भांडी दोन. तंजावरला गेलेल्या मराठी घरांतही असेच काही जुने मराठी शब्द टिकून राहिले आहेत.

रिकामी ताटली

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये एक छान पद्धत आहे. गावात, शाळेत किंवा चर्चमध्ये कार्यक्रम असला की निमंत्रणात लिहितात, "येताना प्लेट आणा." दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातून पुष्कळ कुटुंबं तिथं राहायला गेली. निमंत्रण वाचून त्यातल्या कितीतरी बायका ताटली घेऊन गेल्या. स्वच्छ धुतलेली, पुसलेली, पण रिकामी! बिचाऱ्यांना वाटलं, यजमानांकडे भांडी कमी असतील. तिथं जाऊन बघतात तर सगळ्याजणींनी ताटल्या भरून केक आणि सँडविच आणलेलं. प्लेट आणा म्हणजे एक पदार्थ करून आणा, हे तिथल्या माणसांना सांगावं लागत नव्हतं आणि परक्या माणसाला ते कळणार नव्हतं. इंग्लंडहून थेट आलेल्या, जन्मापासून इंग्रजी बोलणाऱ्या लोकांचीसुद्धा यात फसगत झाल्याच्या आठवणी तिथं सांगतात.

यात त्या बाईचा काय दोष? तिने शब्दाचा अर्थ बरोबरच लावला होता. पण त्या भरल्या खोलीत रिकामी ताटली धरून उभं राहताना तिला काय वाटलं असेल, ते आपल्याला वेगळं सांगायला नको.

बैठकीतला घोळ

आता जरा मोठ्या माणसांची गोष्ट. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंड आणि अमेरिका एका बाजूने लढत होते. दोघांचे अधिकारी एकत्र बैठकीला बसत. इंग्लंडचे पंतप्रधान चर्चिल यांनी आपल्या युद्धाच्या ग्रंथात लिहून ठेवलं आहे की एका बैठकीत एका कागदावरून बराच वेळ वाद झाला. इंग्रज म्हणत होते, हा विषय "टेबल" करा. अमेरिकन म्हणत होते, अजिबात "टेबल" करू नका. शेवटी उलगडा झाला. इंग्लंडमध्ये टेबल करणं म्हणजे विषय आत्ता चर्चेला घेणं. अमेरिकेत टेबल करणं म्हणजे विषय बाजूला ठेवून देणं. म्हणजे दोघांनाही चर्चा आत्ताच हवी होती आणि तरी दोघं भांडत होते! आपल्या ग्रामसंघाच्या बैठकीत असं कधी होत नाही म्हणता? आठवून बघा.

"जरा अवघड झालंय"

हा प्रसंग मात्र हसण्यासारखा नाही. १९५१ च्या एप्रिल महिन्यात कोरियात इमजिन नदीकाठी लढाई चालू होती. ब्रिटिश तुकडी अमेरिकन सेनापतीच्या हाताखाली लढत होती. ग्लॉस्टरशर रेजिमेंटचे सहाशेहून जास्त सैनिक एका टेकडीवर अडकले आणि कितीतरी पटींनी मोठ्या चिनी सैन्याने त्यांना वेढलं. ब्रिटिश ब्रिगेडियर ब्रॉडी यांनी अमेरिकन सेनापतीला कळवलं, "परिस्थिती जरा अवघड झाली आहे."

इंग्रज माणसाची ही रीतच आहे. संकट जेवढं मोठं, तेवढे शब्द लहान. "जरा अवघड" याचा ब्रिटिश कानाला ऐकू येणारा अर्थ होता, आम्ही मरायला टेकलो आहोत. पण अमेरिकन माणूस अडचण असली की मोठ्यानं आणि स्पष्ट सांगतो. त्याला वाटलं, जरा अवघड आहे म्हणजे निभावतंय. तुकडीला वेळेवर मदत पोचली नाही, माघारीचा हुकूमही उशिरा आला. टेकडीवरचे साधारण चाळीस जणच निसटून परत आले. पाचशेहून जास्त कैद झाले, बाकीचे मेले. मदत न पोचायला लढाईतली इतरही कारणं होती, पण या एका वाक्याची गोष्ट आजही सांगितली जाते.

मैत्रिणींनो, हे ऐकून मला आपल्या बायकाच आठवतात. अंगात ताप असतो, कंबर मोडलेली असते आणि दवाखान्यात विचारलं की म्हणतात, "तसं काही नाही, जरा बरं वाटत नाही." ऐकणाऱ्याला आपली रीत ठाऊक नसेल, तर तो जरा याचा अर्थ जराच घेणार.

औषध, तारीख आणि चमचा

आता रोजच्या उपयोगाचं. तापावर आपण जी पॅरासिटामॉलची गोळी घेतो, तिला इंग्लंड-ऑस्ट्रेलियातही पॅरासिटामॉलच म्हणतात. अमेरिकेत मात्र त्याच औषधाचं नाव आहे ॲसिटामिनोफेन. तिकडच्या सर्दी-खोकल्याच्या कितीतरी औषधांतही ते असतं. समजा एखादी आई लेकीकडे अमेरिकेला गेली. पिशवीतली आपली गोळी तिनं घेतली आणि वर तिकडची सर्दीची गोळीही घेतली, तर एकच औषध दोनदा पोटात गेलं. हे औषध प्रमाणाबाहेर गेलं तर यकृताला इजा होते. तसंच दम्याच्या पंपातलं सालब्युटामॉल अमेरिकेत अल्ब्युटेरॉल होतं. म्हणून परदेशी जाणाऱ्यानं डॉक्टरांची चिठ्ठी आणि औषधाचं वेष्टन जवळ ठेवावं. नवी गोळी घेण्याआधी दुकानातल्या फार्मासिस्टला दोन्ही दाखवावं.

तारखेचंही तसंच. आपण आणि इंग्रज आधी दिवस, मग महिना लिहितो. अमेरिकन आधी महिना लिहितात. ३/४ म्हणजे आपल्याकडे ३ एप्रिल, त्यांच्याकडे ४ मार्च. न्यूयॉर्कच्या हल्ल्याला ते ९/११ म्हणतात, म्हणजे ११ सप्टेंबर. परदेशातून पापड-मसाल्याची मागणी आली आणि कागदावर अशी तारीख असली, तर महिना अक्षरात लिहून मागा. इमारतीतही आपला तळमजला तो अमेरिकेचा पहिला मजला. पाककृती वाचताना चमचा बघा. ऑस्ट्रेलियाचा मोठा चमचा २० मिलिलिटरचा, इंग्लंड-अमेरिकेचा १५ चा. मीठ-सोड्याच्या मापात एवढ्यानं पदार्थ बिघडतो.

काही शब्द तर लाज आणणारे. आपल्या मुलांसारखंच इंग्लंडमध्येही पेन्सिल खोडायला रबर मागतात. अमेरिकेत रबर म्हणजे निरोध. अमेरिकेत पँट म्हणजे आपली पँट, इंग्लंडमध्ये मात्र आतली चड्डी!

वागण्यातले फरक

आपण वाटेत भेटलेल्याला विचारतो, "जेवलीस का?" ती काही भाजी-भाकरीचा हिशोब द्यायला बसत नाही. तसं इंग्लंडमध्ये "ठीक आहेस ना?" हा नुसता नमस्कार असतो. अमेरिकन माणसाला हेच विचारलं तर तो चमकतो, माझा चेहरा आजारी दिसतोय की काय? दक्षिण आफ्रिकेत "जस्ट नाऊ येते" म्हणजे थोड्या वेळाने, कदाचित बऱ्याच वेळाने. आपल्या "आलेच हं" सारखंच समजा.

हातवाऱ्यांचंही असंच. दोन बोटांची विजयाची खूण करताना तळहात आपल्याकडे वळला, तर इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियात ती शिवी होते. १९९२ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थोरले बुश ऑस्ट्रेलियात कॅनबेराला गेले असताना त्यांनी गाडीतून रस्त्याकडेच्या लोकांना नेमकी तशीच खूण केली. त्यांना करायचं होतं अभिवादन, झाला अपमान.

आपण अनोळखी बाईला मावशी किंवा काकू म्हणतो, तो मान असतो. सिंगापूरमध्येही वयस्कर बाईला आंटी म्हणतात. इंग्लंड-अमेरिकेत मात्र अनोळखी बाईला आंटी म्हटलं तर तिला वाटेल, हिने माझं वय काढलं. उलट तिकडे पुष्कळ ठिकाणी वरिष्ठालाही नुसत्या नावाने हाक मारतात. आपल्या मुलींना ते उद्धटपणाचं वाटतं, त्यांना "सर, मॅडम" परकं वाटतं.

आपलीही इंग्रजी आहे

भारतातही इंग्रजीनं घर केलं आहे आणि तिला मराठी-हिंदीचा वास लागला आहे. "शुभनाव काय?" यावरून आपण "गुड नेम" केलं. लाख आणि कोटी आपण इंग्रजीतही तसेच म्हणतो, बाहेरच्याला ते कळत नाहीत. शिकवणीत मुलगी म्हणते, "सर, मला डाऊट आहे," म्हणजे तिला शंका विचारायची असते. इंग्रज शिक्षकाला वाटेल, हिचा माझ्यावर विश्वास नाही. यात आपलं इंग्रजी खोटं आणि त्यांचं खरं असं नाही. अमेरिकन आणि इंग्रज एकमेकांशी बोलताना अडखळतात, तशाच आपणही अडखळतो.

मग करायचं काय?

मला एवढंच सांगायचं आहे. न कळणं हा कमीपणा नाही. कळलं नसताना मान डोलावणं मात्र महागात पडतं. चर्चिल यांच्या बैठकीतला वाद "म्हणजे नक्की काय करायचं?" एवढ्या एका प्रश्नानं मिटला असता.

हा प्रश्न बँकेत कर्जाच्या कागदासमोर विचारा, दवाखान्यात विचारा, माल मागवणाऱ्या व्यापाऱ्याला विचारा. परदेशी निघालेल्या लेकीलाही हाच प्रश्न शिकवून पाठवा. ऐकलेलं आपल्या शब्दांत परत सांगून बघा, "म्हणजे तुम्ही असं म्हणता ना?" तारीख, वजन आणि रक्कम आकड्यासोबत अक्षरातही लिहून घ्या. दुखतंय तर "जरा" म्हणू नका, किती दुखतंय ते सांगा. आणि समोरची बाई चुकीचं बोलली असं वाटलं, तर राग धरण्याआधी विचार करा, हिच्या गावात या शब्दाचा अर्थ वेगळा असेल का? आपल्या गटात कुणी वऱ्हाडातून सून होऊन आलेली असते, कुणी खानदेशातून. तिच्या बोलण्याला हसण्यापेक्षा तिला अर्थ विचारला, तर तिलाही बरं वाटेल आणि आपल्याला एक शब्द जास्तीचा मिळेल.

पुढच्या बैठकीत एक खेळ घ्या. प्रत्येकीने माहेरचा असा एक शब्द सांगायचा, ज्याचा सासरी वेगळाच अर्थ निघाला. मी खात्रीनं सांगते, हसून हसून पोट दुखेल. ते शब्द वहीत उतरवून रेडिओ केंद्रावर पाठवा. आपण ते कार्यक्रमात वाचून दाखवू.

बराय तर, येते. म्हणजे आज जाते, पण पुन्हा येणार आहे!