मुलाखतीत उमेदवाराने काय विचारावे?

‘तुम्हाला आम्हाला काही विचारायचे आहे का?’ खासगी क्षेत्रातील बहुतेक मुलाखतींचा शेवट या वाक्याने होतो. अनेक उमेदवार ‘काही नाही, धन्यवाद’ म्हणून उठतात. विचारले तर आपण आगाऊ ठरू, अशी त्यांची समजूत असते. प्रत्यक्षात गाव सोडून परक्या शहरात राहायला जायचे की नाही, दोन-तीन वर्षांच्या करारावर सही करायची की नाही, हे निर्णय याच पाच मिनिटांत मिळणाऱ्या माहितीवर अवलंबून असतात. गोव्यातील पदवीधर नोकरीसाठी पुणे, बंगळुरू वा हैदराबादची वाट धरतात, तेव्हा या प्रश्नांचे महत्त्व आणखी वाढते.

नामपल्लीतील दोन वाटा

हैदराबादचा नामपल्ली परिसर नोकरीच्या दोन वेगळ्या वाटा दाखवतो. ‘हैदराबाद डेक्कन’ हे रेल्वे स्थानक येथेच आहे आणि तेलंगणा लोकसेवा आयोगाचे ‘प्रतिभा भवन’ही येथेच आहे. शासकीय पदाची वाट आयोगाकडे जाते. खासगी नोकरीसाठी आलेला तरुण नामपल्लीहून मेट्रोने अमीरपेठला जातो आणि तेथे गाडी बदलून हायटेक सिटी गाठतो.

या दोन ठिकाणी उमेदवाराची भूमिका सारखी नसते. शासकीय भरतीत वेतनश्रेणी, पात्रता, आरक्षण आणि निवडीची पद्धत जाहिरातीतच छापलेली असते. विचारण्यासारखे बरेचसे तेथेच वाचायला मिळते. तेलंगणा सरकारने तर २०२२ मध्ये गट-१ व गट-२ पदांसाठीच्या मुलाखती रद्द केल्या. त्याच वर्षी निघालेली गट-१ च्या ५०३ पदांची जाहिरात मुलाखतीविना होती. केंद्र सरकारनेही १ जानेवारी २०१६ पासून गट-ब अराजपत्रित आणि गट-क पदांच्या मुलाखती बंद केल्या आहेत. जेथे आयोगाची मुलाखत अजून आहे, तेथे मंडळाला उलट प्रश्न विचारण्याची प्रथा नाही. प्रश्न नीट समजला नसेल, तर तो पुन्हा सांगण्याची नम्र विनंती मात्र करता येते.

खासगी कंपनीत छापील जाहिरात अपुरी असते. तेथे माहिती विचारूनच मिळवावी लागते.

कामाविषयीचे प्रश्न

पहिला प्रश्न कामाचाच असावा. ‘पहिल्या सहा महिन्यांत या पदावरील व्यक्तीने काय पूर्ण केले, तर तिचे काम चांगले झाले असे आपण मानाल?’ या प्रश्नाने दोन गोष्टी साधतात. उमेदवार पगारापलीकडे पाहतो, हे समोरच्याला कळते आणि कंपनीला आपल्याकडून नेमके काय हवे आहे, हे उमेदवाराला कळते. उत्तर मोघम आले, तर पदाची आखणीच अजून झालेली नसण्याची शक्यता असते.

दुसरा प्रश्न पदाच्या इतिहासाचा. ‘हे पद नवे आहे, की कोणी गेल्यामुळे रिकामे झाले आहे?’ आधीची व्यक्ती बढती मिळून गेली असेल, तर ती चांगली खूण समजावी. दोन वर्षांत तीन माणसे सोडून गेली असतील, तर कारण विचारायला हरकत नाही.

तिसरा प्रश्न देखरेखीचा. रोजचे काम कोण पाहणार, वर्षअखेरीस मूल्यमापन कोण करणार आणि प्रशिक्षण किती दिवसांचे, हे स्पष्ट करून घ्यावे. प्रशिक्षणाच्या काळात पूर्ण वेतन मिळते की केवळ विद्यावेतन, हेही विचारावे.

हैदराबादमधील अनेक कार्यालये अमेरिकेच्या वेळेनुसार चालतात. त्यामुळे रात्रपाळी किती, घरी पोहोचविण्याची सोय आहे का आणि पाळी किती दिवसांनी बदलते, हे प्रश्न अगदी रास्त आहेत. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेत लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असणे २०१३ च्या कायद्याने बंधनकारक आहे. तिच्याविषयी विचारताना संकोच बाळगण्याचे कारण नाही.

वेतनाचा हिशेब

वेतनाचा प्रश्न तांत्रिक फेरीत काढू नये. तो मनुष्यबळ विभागाच्या फेरीसाठी ठेवावा. तेथे मात्र तो नेमकेपणाने विचारावा. कंपनी सांगते तो ‘सीटीसी’चा आकडा आणि बँकेत जमा होणारी रक्कम यांत मोठे अंतर असते.

उदाहरणादाखल वार्षिक ४,८०,००० रुपयांचा देकार घेऊ. महिन्याला ४०,००० मिळतील, असा सरळ भागाकार उमेदवार करतो. पण त्या आकड्यात कामगिरीवर अवलंबून असलेले ४८,०००, कंपनीचा भविष्यनिर्वाह निधीतील वाटा २१,६००, ग्रॅच्युइटीची तरतूद सुमारे ११,५०० आणि विम्याचे ६,००० रुपये धरलेले असू शकतात. ते वजा जाता महिन्याला सुमारे ३२,७०० रुपये उरतात. त्यातून स्वतःचा भविष्यनिर्वाह निधीचा वाटा १,८०० आणि तेलंगणातील व्यवसाय कर २०० रुपये गेला, की हाती ३०,७०० च्या आसपास येतात. घरभाडे आणि जेवणाचा हिशेब या रकमेवर मांडायचा असतो. म्हणून ‘दरमहा हाती येणारी निश्चित रक्कम किती आणि कामगिरीवर अवलंबून असलेली किती?’ असा प्रश्न करावा.

करार आणि नियुक्तिपत्र

‘नियुक्तिपत्र कोणत्या कंपनीच्या नावाने मिळेल?’ हा प्रश्न साधा वाटतो, पण महत्त्वाचा आहे. काम एका मोठ्या कंपनीत आणि नोकरी मनुष्यबळ पुरविणाऱ्या दुसऱ्याच संस्थेची, असे प्रकार सर्रास असतात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनुसार प्रत्येक कर्मचाऱ्याला नियुक्तिपत्र देणे आवश्यक आहे.

बाँडविषयी दोन टोकाचे गैरसमज आहेत. काहींना तो गुलामीचा करार वाटतो, तर काहींना निरर्थक कागद. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ नुसार नोकरी सोडल्यानंतर दुसरीकडे काम करण्यास बंदी घालणारी अट सामान्यतः टिकत नाही. मात्र ठरावीक काळ नोकरी करण्याची आणि मुदतीपूर्वी सोडल्यास रक्कम भरण्याची अट टिकू शकते. विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये तीन वर्षांची आणि दोन लाख रुपयांची अशी अट वैध ठरवली. त्यामुळे ‘बाँड आहे का, किती काळाचा, किती रकमेचा आणि मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेता का?’ हे सहीपूर्वीच विचारावे. मूळ प्रमाणपत्रे कंपनीच्या ताब्यात देणे टाळावे.

नोकरीसाठी कोणी अनामत, नोंदणी शुल्क वा ‘मागच्या दाराने’ प्रवेशाचे पैसे मागत असेल, तर पुढे काही विचारण्याची गरजच उरत नाही. गोव्यात २०२४ च्या अखेरीस नोकरीच्या आमिषाने पैसे उकळल्याच्या प्रकरणांत अनेकांना अटक झाली होती. परक्या शहरात ओळखपाळख नसलेला उमेदवार अशा जाळ्यात अधिक सहज सापडतो.

किती आणि कसे विचारावे

प्रत्येक फेरीत दोन-तीन प्रश्न पुरेसे असतात. संकेतस्थळावर सापडणारी माहिती विचारू नये. त्यातून तयारीचा अभाव दिसतो. पहिल्याच भेटीत रजा आणि सुट्ट्यांची यादी मागणेही बरे नव्हे. प्रश्न वहीत लिहून नेण्यात कमीपणा नाही. मुलाखत संपल्यावर मिळालेली उत्तरे त्याच दिवशी टिपून ठेवावीत.

वेतन, कामाचे ठिकाण, पाळी आणि बाँड याविषयी तोंडी मिळालेली उत्तरे देकारपत्रात उतरली आहेत का, हे शेवटी ताडून पाहावे. एखादी गोष्ट राहिली असेल, तर ती ईमेलने लेखी मागावी आणि लेखी उत्तर हाती आल्यावरच सध्याच्या नोकरीचा राजीनामा द्यावा किंवा प्रवासाचे तिकीट काढावे.