खाचरावर मुरूम

ठाण्याहून बाळकुम सोडून खाडीपूल उतरलं की कशेळी लागते. रस्त्याच्या दोन्ही अंगांना गोदामं. त्यांच्या फरशीखाली भाताची खाचरं गाडली गेली, आणि त्यांच्यासोबत पाणी धरून ठेवण्याची एक जुनी रचनाही.

खाडीकाठची जमीन थराथरांची. वर गाळ, त्याखाली खाडीची चिकण माती, खोलवर मुरूम आणि कातळ. आगरी शेतकऱ्याने त्यात स्वतःचा एक थर घातला. दर पावसाळ्यात चिखलणी करताना माती पाण्यात कालवली जायची, बारीक कण छिद्रं बुजवायचे, आणि नांगराच्या फाळाखाली, वीतभर खोलीवर, बैलांच्या खुरांनी दाबलेली घट्ट तळी तयार व्हायची. गळक्या हौदाला गिलावा करावा तसं. आवणीनंतर खाचरातलं पाणी दिवसाला काही मिलिमीटरच जिरायचं. भात कापल्यावर तिथेच वाल टाकत. वरून थेंबही न देता चिकण मातीतल्या ओलीवर ते यायचे.

त्या ओलीत खारेपणाही होता. उन्हाळ्यात ती वर चढली की जमिनीवर पांढरं मीठ फुटायचं आणि पहिला पाऊस ते धुऊन न्यायचा. भरतीचं पाणी अडवायला बांध, गोडं पाणी सोडायला उघाडी. या खारजमिनींसाठी १९४८ साली मुंबई प्रांतात कायदाच झाला.

पुढे मुंबई-ठाण्याच्या जकातीबाहेरची जागा म्हणून या पट्ट्यात गोदामं वाढली. २०१७ मध्ये मुंबईची जकातही गेली, गोदामं वाढतच राहिली. थरांचा क्रम मात्र उलटला: गोदामांच्या भरावासाठी खालचा मुरूम वर आला. रोलरने दाबलेला मुरूम पाणी जवळजवळ घेतच नाही. सैल राहिला तिथे पाणी झरझर उतरतं, जुन्या चिकण थरावर अडतं आणि आडवं सरकत शेजारच्या सखल शेतात शिरतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि भिवंडीही बुडाली. अशा पावसाला कोणतीच माती पुरी पडत नाही, हे खरं. पण मला भरावापेक्षाही मोठी चूक वाटते ती वहाळ बुजवण्याची. चिकण माती पाणी जिरवत नाही, थोपवते. म्हणून तर जुन्या लोकांनी जादा पाण्याला खाडीपर्यंत वहाळांची वाट ठेवली होती.

आता गोदामांमागे चुकून उरलेल्या खाचरात वाल टाकायची वेळ आली तरी घोटाभर पाणी उभं असतं.