चिनी सुया आणि न फुटणारं अंडं

सोनोग्राफीच्या कागदावर 'पीसीओडी' असं आलं की लातूरकडच्या घरांत दोन वाक्यं हमखास कानावर येतात: "गाठी झाल्यात म्हणे" आणि "अंडं फुटत नाही". पहिलं वाक्य चुकीचं आहे. त्या गाठी नसतातच. अंडाशयात वाढीला लागून मध्येच थबकलेली ती बीजपुटकं असतात, साधारण 2 ते 9 मिलिमीटरची. ऑपरेशन करून काढून टाकायचं असं त्यात काही नसतं.

दुसरं वाक्य खरं असू शकतं. मग गोळ्या सुरू होतात, जोडीला काढे, आणि गोळ्यांचा कंटाळा आला की कुणीतरी चिनी सुयांचं नाव काढतं.

चीन म्हटलं की आपल्याला सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतात, त्यामुळे या सुयाही त्यांच्याच खात्यावर जमा होतात. कोटणीस शल्यचिकित्सक होते. 1938 मध्ये ते भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि डिसेंबर 1942 मध्ये तिथंच वारले. ही सुयांची पद्धत, म्हणजे ॲक्युपंक्चर, भारतात आणली ती त्यांच्याच पथकातल्या डॉ. बिजयकुमार बसूंनी, 1950 च्या दशकाच्या अखेरीस, कोलकात्याला.

चिनी वैद्य नाडी आणि जीभ पाहून "मूत्रपिंड कमजोर आहे" असं सांगतो. ऐकणारी बाई घाबरून मुतखड्याची तपासणी करून येते. तिथलं 'मूत्रपिंड' म्हणजे प्रजननशक्तीचं भांडार, आपल्या किडनीच्या रिपोर्टशी त्याचा संबंध नाही. याच हिशेबाने ते यकृताचा 'अडलेला प्रवाह' आणि शरीरातला 'कफ' धरतात, आणि पाळीच्या टप्प्याप्रमाणे औषध बदलतात. सुया ओटीपोटावर आणि पायांवर टोचतात. नेहमीची एक जागा घोट्याच्या आतल्या बाजूला, हाडापासून चार बोटं वर. अंडाशयाच्या नसा आणि पायातल्या नसा मज्जारज्जूत एकमेकींच्या जवळ पोचतात, म्हणून तिथं टोचल्याचा परिणाम वर होईल, असा आधुनिक युक्तिवाद आहे. युक्तिवाद वाईट नाही. पण मूल होतं का, हे त्यावरून ठरत नाही.

ते पडताळून पाहिलं खुद्द चिनी डॉक्टरांनी. पीसीओएस (आपल्याकडे पीसीओडी म्हणतात ते) असलेल्या 1,000 स्त्रियांवरचा त्यांचा अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना खऱ्या सुया, निम्म्यांना नावापुरत्या, वरवरच्या. शिवाय दोन्ही गटांत काहींना क्लोमिफीन ही अंडं फुटण्यासाठीची गोळी, काहींना बिनऔषधाची गोळी. खऱ्या सुयांच्या गटात 21.8 टक्के स्त्रियांना मूल झालं, नावापुरत्यांच्या गटात 22.4 टक्के. म्हणजे फरक नाहीच. क्लोमिफीनने मात्र प्रमाण 15.4 वरून 28.7 टक्क्यांवर गेलं. खऱ्या सुयांनी जास्त दिलं ते काळंनिळं पडणं.

"पण सरकारने मान्यता दिलीय की!" दिली आहे. केंद्राने 2019 मध्ये ॲक्युपंक्चरला स्वतंत्र उपचारपद्धती मानलं, महाराष्ट्रात तर त्याचा कायदाही आहे. सुई कुणी टोचावी, याची ती व्यवस्था आहे. अंडं फुटेल याची हमी त्यात नाही.

वनस्पतींचं काय? आपल्या दारुहळदीत आणि चिनी हुआंगलियानमध्ये बर्बेरीन नावाचा एकच पदार्थ आहे. त्याची लेट्रोझोल या अंडं फुटण्यासाठीच्या दुसऱ्या गोळीशी तुलनाही चीनमध्येच झाली, 644 स्त्रियांवर. मूल झालेल्यांचं प्रमाण लेट्रोझोलने 36 टक्के, नुसत्या बर्बेरीनने 22, आणि दोन्ही मिळून 34. भर घालून काही वाढलं नाही. "झाडपाल्याचा अपाय होत नाही" असं म्हणणाऱ्यांनी ब्रसेल्सची गोष्ट ऐकावी: 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला वजन उतरवायच्या चिनी औषधात भलतीच वनस्पती गेली आणि शंभराहून अधिक जणींची मूत्रपिंडं खराब झाली. इथं मूत्रपिंड म्हणजे खरोखरची किडनी.

लेट्रोझोलचंही एक भूत आहेच. औषधाच्या दुकानात कुणीतरी सांगतं, "ताई, हे कॅन्सरचं औषध हाय." खरं आहे, स्तनाच्या कर्करोगात ते देतात. बाळात व्यंग येईल या शंकेने 2011 मध्ये वंध्यत्वासाठी ते वापरायला भारतात बंदीही आली होती, पण 2017 मध्ये ती उठवली गेली. 2014 च्या 750 स्त्रियांवरच्या अमेरिकी अभ्यासात लेट्रोझोलने 27.5 टक्के स्त्रियांना मूल झालं, क्लोमिफीनने 19.1 टक्के. पीसीओएसमध्ये आज पहिली पसंती त्यालाच असते, अर्थात डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

सुया टोचून घेतल्याने बरं वाटत असेल, ताण उतरत असेल, तर कुणी अडवू नये. माझा आक्षेप फक्त वर्ष घालवण्याला आहे. पस्तिशीच्या आत असाल तर वर्षभर, पस्तिशीनंतर सहा महिने वाट पाहून तपासणी करावी, असा सर्वसाधारण नियम आहे. पाळीच चुकत असेल तर तेवढंही थांबू नये. थायरॉईड आणि प्रोलॅक्टिन तपासावं. अंडं फुटलं की नाही, ते फॉलिक्युलर सोनोग्राफीने किंवा पाळीच्या साधारण सात दिवस आधीच्या प्रोजेस्टेरॉनच्या रक्ततपासणीने कळतं. पाळी वेळेवर आली म्हणजे अंडं फुटलंच असं दरवेळी नसतं. वजन जास्त असेल तर ते पाच-दहा टक्के उतरल्यावर काहींची पाळी आपोआप नियमित होते.

आणि बायकोला चार ठिकाणी सुया टोचायला न्यायच्या आधी नवऱ्याची वीर्यतपासणी करून घ्यावी. ती सगळ्यात स्वस्त आणि एका दिवसात होणारी तपासणी आहे, आणि आपल्याकडे बहुतेकदा तीच सगळ्यात शेवटी होते.