दोन हजारांतला एक मेल

जुलै २०१५ मध्ये गूगलने जीमेलबद्दल दोन आकडे जाहीर केले. सर्वसाधारण इनबॉक्समध्ये शिरणाऱ्या स्पॅमचे प्रमाण ०.१ टक्क्याहून कमी आणि हवा असलेला मेल चुकून स्पॅम फोल्डरमध्ये पडण्याचे प्रमाण ०.०५ टक्क्याच्या आत. पहिला आकडा ऐकून बरे वाटते. मला दुसरा जास्त महत्त्वाचा वाटतो. ०.०५ टक्के म्हणजे दोन हजारांत एक.

हा एक मेल कोणाचा असतो, हे सरासरी सांगत नाही. मुंबईतल्या एखाद्या ऑफिसातल्या माणसाला दिवसाला कामाचे पन्नास मेल येतात असे धरा. वर्षाचे १८,२५० झाले. दोन हजारांत एक या हिशेबाने त्याचे नऊ मेल वर्षभरात स्पॅममध्ये जातील. त्याचे फारसे बिघडत नाही, कारण उत्तर आले नाही की समोरचा फोन करतो. आता वर्धा जिल्ह्यातल्या देवळी तालुक्यातले नाचणगाव घ्या. पुलगावला जवळजवळ चिकटलेले हे गाव. इथल्या बारावी झालेल्या मुलीला दिवसाला कामाचे दोन मेल आले तरी खूप. वर्षाचे ७३०. म्हणजे पावणेतीन वर्षांत जेमतेम एक मेल चुकेल. कागदावर तिची स्थिती मुंबईकरापेक्षा कितीतरी चांगली दिसते. पण तिला येणारे मेल कोणाचे? प्रवेश प्रक्रियेचे, शिष्यवृत्तीचे, एखाद्या कंपनीच्या मुलाखतीचे. ते चुकले तर फोन करून विचारणारे कोणी नसते.

शिवाय दोन हजारांत एक हे प्रमाण सगळ्या मेलना सारखे लागू होत नाही. रोजच्या ओळखीच्या पत्त्यावरून येणारा मेल जवळपास कधीच अडत नाही. अडतो तो पहिल्यांदा येणारा. ज्या पत्त्याशी आपला आजवर काही व्यवहार नाही, त्याच्याबद्दल गाळणीला फक्त पाठवणाऱ्याची पत, मजकूर आणि तांत्रिक खुणा एवढेच माहीत असते. नाचणगावच्या मुलीला वर्धा, नागपूर किंवा अमरावतीच्या कॉलेजातून येणारा मेल नेमका असा पहिलाच असतो. तिच्यासाठी खरा धोका सरासरीपेक्षा बराच मोठा आहे.

दुसऱ्या बाजूचाही एक आकडा आहे. व्यापारी मेल पोहोचतात की नाही याचा अभ्यास करणाऱ्या व्हॅलिडिटी या कंपनीच्या अहवालांत साधारण सहापैकी एक मेल इनबॉक्सपर्यंत जात नाही, असे दिसते. कुठे दोन हजारांत एक आणि कुठे सहात एक! दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे असू शकतात, कारण मोजणी वेगळी आहे. गूगल वाचणाऱ्याला काय हवे होते ते बघते, तर व्हॅलिडिटी पाठवणाऱ्याच्या बाजूने मोजते. कॉलेजचा सूचनेचा मेल या दोहोंच्या मध्ये कुठेतरी बसतो: वाचणारीला तो हवा असतो, पण तो निघतो घाऊक मेलसारखा, एकाच वेळी शेकडो पत्त्यांवर.

गाळणी इतकी कडक का, तेही आकड्यांतच दिसते. कॅस्परस्की या कंपनीच्या मोजणीनुसार २०२४ मध्ये जगभरच्या मेलपैकी ४७ टक्क्यांहून थोडे अधिक स्पॅम होते. जीमेल रोज सुमारे १,५०० कोटी नको असलेले मेल अडवते, असे गूगलने २०२३ मध्ये सांगितले. जीमेल वापरणारे दीडशे कोटींहून अधिक आहेत. म्हणजे दरडोई रोज फार तर दहा मेल. हे दहा रोज इनबॉक्समध्ये पडू लागले, तर दिवसाला दोनच कामाचे मेल येणाऱ्या मुलीला तेही सापडणार नाहीत. गाळणी हवीच. प्रश्न तिच्या चुकीचा आहे.

ही चूक कमी करण्याचे बरेचसे काम पाठवणाऱ्याच्या हातात असते. ईमेलची मूळ व्यवस्था, एसएमटीपी, १९८२ मध्ये ठरली तेव्हा पाठवणाऱ्याची ओळख तपासण्याची सोयच तिच्यात नव्हती. कोणीही कोणाच्याही नावाने मेल पाठवू शकत होता. नंतर तीन उपाय आले. एसपीएफ ही डोमेनच्या मालकाने जाहीर केलेली यादी असते: माझ्या नावाने मेल पाठवण्याची परवानगी या या सर्व्हरना आहे. रेशनकार्डावर नाव नसेल तर दुकानदार धान्य देत नाही, तसाच हा प्रकार. डीकेआयएम म्हणजे मेलवरची डिजिटल सही. तिच्यावरून मजकुरात वाटेत बदल झाला नाही हे कळते. आणि या दोन्ही तपासण्यांत मेल नापास झाला तर त्याचे काय करायचे, जाऊ द्यायचा, स्पॅममध्ये टाकायचा की परत लावायचा, हे सांगणारी तिसरी नोंद म्हणजे डीमार्क.

फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूने या नोंदी सक्तीच्या केल्या. जीमेलच्या खात्यांवर दिवसाला ५,००० किंवा अधिक मेल पाठवणाऱ्याला तिन्ही नोंदी हव्यात, आणि जाहिरातीच्या मेलमध्ये एका क्लिकवर यादीतून नाव काढण्याची सोय हवी. त्याहून कमी मेल पाठवणाऱ्यालाही एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी एक लागतेच. मे २०२५ पासून मायक्रोसॉफ्टनेही आउटलुकसाठी ५,००० चीच मर्यादा धरून असेच नियम लावले. गूगलच्या सांगण्यानुसार २०२४ मध्ये ओळख न पटलेले मेल ६५ टक्क्यांनी कमी झाले. म्हणजे २६,५०० कोटी मेल कमी.

एखादे छोटे कॉलेज किंवा शेतकरी उत्पादक कंपनी दिवसाला पाच हजार मेल कधीच पाठवत नाही. त्यामुळे हे नियम मोठ्यांसाठी आहेत, अशी समजूत होते. वेबसाइट बनवणाऱ्याने होस्टिंग घेऊन दिले, त्याच सर्व्हरवरून मेलही जाऊ लागले, आणि डोमेनच्या नोंदींकडे कोणी पुन्हा पाहिले नाही. स्वस्त होस्टिंगवर एकाच सर्व्हरवर अनेक वेबसाइट असतात, आणि त्यांतल्या एकीने स्पॅम पाठवला तरी त्या सर्व्हरची पत सगळ्यांचीच घसरते. तीन नोंदी करायला वेगळे पैसे पडत नाहीत. जाणकार माणसाचे तासाभराचे काम आहे. त्या तासाभरासाठी एखाद्या मुलीचा प्रवेश हुकावा, हे मला अजिबात पटत नाही.

आता वाचणाऱ्याकडे येऊ, कारण एक आकडा थेट त्याच्या बोटावर अवलंबून आहे. पाठवलेल्या मेलपैकी किती जणांनी 'स्पॅम म्हणून तक्रार करा' दाबले, याचे प्रमाण ०.३ टक्क्याच्या खाली राहिले पाहिजे आणि शक्यतो ०.१ टक्क्याच्या आत, अशी गूगलची अट आहे. आठशे विद्यार्थ्यांना मेल पाठवणाऱ्या कॉलेजचा हिशेब करा. आठशेचे ०.३ टक्के म्हणजे २.४. तिघांनी कंटाळून बटण दाबले की मर्यादा ओलांडली, आणि त्याचा भार उरलेल्या ७९७ जणांच्या मेलवर पडू शकतो. आपणच कधीतरी नाव नोंदवलेल्या ठिकाणचे मेल नकोसे झाले, तर 'सदस्यत्व रद्द करा' दाबावे. तक्रारीचे बटण फसवणुकीसाठी आणि न मागता येणाऱ्या कचऱ्यासाठी ठेवावे.

सगळ्यात महाग पडणारे आकडे मात्र दिवसांचे आहेत. जीमेल स्पॅम फोल्डरमधला मेल ३० दिवसांनी आपोआप कायमचा पुसते. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात सदोष विवरणपत्राची सूचना मिळाल्यावर ते दुरुस्त करायला १५ दिवस होते. म्हणजे मेल स्पॅममध्ये पडून असतानाच मुदत अर्धी नव्हे, पूर्ण संपते. आणि 'मला मेल दिसलाच नाही' हे कारण कायद्यापुढे लंगडे पडते. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम १३ नुसार, आपण मेलसाठी ठराविक पत्ता नेमून दिला असेल आणि वेगळे काही ठरलेले नसेल, तर तो मेल त्या संगणकीय व्यवस्थेत शिरला त्या क्षणी मिळाला असे धरले जाते. तो उघडला की नाही, किंवा कुठल्या फोल्डरमध्ये पडला, हे कलम विचारत नाही.

दुसरीकडे, स्पॅम मेल आवरणारा खास कायदा आपल्याकडे नाही. फोन आणि एसएमएससाठी ट्राय या दूरसंचार नियामकाचे २०१८ चे नियम आहेत. पाठवणाऱ्याची ओळख लपवून दिशाभूल करणारे मेल गुन्हा ठरवणारी तरतूद माहिती तंत्रज्ञान कायद्याच्याच कलम ६६ए मध्ये होती. ते कलम अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या कारणावरून सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले, आणि ते योग्यच झाले. पण त्याबरोबर ही तरतूदही गेली आणि तिच्या जागी काही आले नाही. आपला कोणता मेल कुठे पडेल, हे ठरवणे पूर्णपणे खासगी कंपन्यांच्या गाळणीवर आहे.

फोनवरच मेल बघणाऱ्यांना दोन गोष्टी सहसा माहीत नसतात. जीमेलच्या शोधपट्टीत कॉलेजचे नाव टाकले तर साधा शोध स्पॅम फोल्डरमध्ये बघतच नाही. 'काही सापडले नाही' असे आले म्हणजे मेल आलाच नाही, असे नाही. डावीकडच्या तीन रेघा दाबून, खाली सरकून स्पॅम फोल्डर स्वतः उघडावा लागतो. आणि एखाद्या पत्त्याचा मेल कधीही स्पॅममध्ये टाकू नये, असा फिल्टर फोनच्या अॅपमध्ये लावता येत नाही. त्यासाठी जीमेल संगणकाच्या ब्राउझरमध्ये उघडावे लागते. ज्या घरात संगणक नाही, तिथे सगळ्यात खात्रीचा उपाय हातातच येत नाही.

स्पॅमचा दोष नसतानाही मेल हरवतात. जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून १५ जीबी जागा फुकट मिळते, आणि १ जून २०२१ पासून नवे फोटोही त्याच जागेत मोजले जातात. लग्नाचे व्हिडिओ चढवून जागा भरली की येणारे मेल परत जातात. दोन वर्षे न वापरलेली खाती गूगल डिसेंबर २०२३ पासून पुसू लागले आहे. एकेका फॉर्मसाठी नवा आयडी काढून विसरून जायची सवय आपल्याकडे सर्रास आहे, आणि फॉर्म भरून देणाऱ्याचाच आयडी टाकण्याचीही. तिथे मेल इनबॉक्समध्ये नीट पोहोचतो, फक्त दुसऱ्याच्या.

स्पॅममधला मेल बाहेर काढताना घाई मात्र नको. तिथले बहुतेक मेल खरोखर फसवेच असतात. पुलगावच्या दारूगोळा डेपोत नोकरी करून निवृत्त झालेली अनेक माणसे या भागात आहेत, आणि संरक्षण खात्याची पेन्शन आता 'स्पर्श' या ऑनलाइन प्रणालीतून मिळते. पेन्शन थांबेल, प्राप्तिकराचा परतावा अडेल असे धमकावणारे खोटे मेल अशाच लोकांना गाठतात. पाठवणाऱ्याचे नाव न बघता पूर्ण पत्ता उलगडून बघावा. प्राप्तिकर खात्याचा पत्ता सहसा इन्कमटॅक्स, टिंब, गव्ह, टिंब, इन असा संपतो. 'गव्ह'च्या आधी टिंबाऐवजी आडवी रेघ असेल, तर तो सरकारी पत्ता नव्हे. गव्ह.इन सरकारी संस्थांनाच मिळते, एसी.इन शिक्षणसंस्थांना. पासवर्ड, पिन किंवा ओटीपी मेलवर कोणतेही खाते मागत नाही.

पत्ता खरा निघाला तर 'स्पॅम नाही' दाबावे आणि तो संपर्कांत जतन करावा. पुढचा मेल अडण्याची शक्यता त्याने बरीच कमी होते. नाचणगाव-पुलगावात फॉर्म जिथे भरतात तिथे संगणक असतोच. फॉर्म भरायला बसल्यावर त्याच बैठकीत स्वतःच्या आयडीत फिल्टर लावून घेतला तर पाच मिनिटे जास्त लागतील. त्यासाठी कॉलेजांनी आणि प्रवेश कक्षांनी आपले मेल नेमक्या कोणत्या पत्त्यावरून निघतात ते माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर छापायला हवे. फोन नंबर ते छापतातच, त्याखाली ही एक ओळ.