उन्हाळ्यात घडणारा मुतखडा

मे महिन्यात रावेर-यावलच्या केळीबागांत दुपारी पारा 45 अंशांपर्यंत जातो. घड वाहणाऱ्या मजुराचा सदरा भिजतो, वाळतो आणि पाठीवर मिठाचे पांढरे डाग उरतात. अंगातलं पाणी असं घामावाटे गेलं, की मूत्रपिंड उरलेलं पाणी राखून ठेवतं. लघवी थोडी आणि गडद पिवळी होते. मुतखड्याची सुरुवात इथेच होते.

लघवीत कॅल्शियम आणि ऑक्झलेट असतातच. पाणी पुरेसं असेल तर ते विरघळून निघून जातात. पाणी कमी पडलं, की दाट पाकात साखरेचे कण धरावेत तसे त्यांचे स्फटिक जमतात. बहुतेक खडे याच दोघांचे असतात. खडा मूत्रवाहिनीत उतरला, की कमरेपासून जांघेपर्यंत कळा येतात.

टोमॅटो-वांग्याच्या बियांनी खडा होतो, ही समजूत चुकीची आहे. बिया आतड्यातून बाहेर पडतात, मूत्रपिंडात जातच नाहीत. तेव्हा भरीत खुशाल खा. दूध-ताकही सोडू नका. जेवणातलं कॅल्शियम ऑक्झलेटला आतड्यातच बांधून ठेवतं. हात आखडता घ्यायचा तो मिठाच्या बाबतीत. पापड, लोणचं, शेव जास्त झाली की लघवीतलं कॅल्शियम वाढतं. लिंबातलं सायट्रेट मात्र स्फटिक जमू देत नाही. बीअरने खडा पडून जातो, या समजुतीने ती पिऊ नका. दारूने शरीरातलं पाणी आणखी कमी होतं.

दिवसभरात दोन ते अडीच लिटर लघवी होईल एवढं पाणी प्यावं. उन्हात काम करणाऱ्याला त्यासाठी बरंच जास्त लागतं. लघवीचा रंग फिका राहिला, तर पाणी पुरतंय असं समजावं. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी पाण्याचं प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

कळांसोबत थंडी-ताप आला, लघवी बंद झाली किंवा उलट्या थांबेनात, तर घरगुती काढ्यात वेळ घालवू नका. तडक दवाखाना गाठा. पाच मिलिमीटरपेक्षा लहान खडे बहुतेकदा आपोआप पडतात; पण खडा केवढा आहे, हे सोनोग्राफीसारख्या तपासणीतच कळतं.

ऑक्टोबरच्या उन्हात कापूस वेचणाऱ्या अनेक बाया शेतात आडोसा नाही म्हणून दिवसभर पाणीच पीत नाहीत. त्यांना नुसतं 'पाणी प्या' सांगून भागत नाही. बांधावर चार बांबू रोवून भोवती गोणपाट बांधा आणि शेजारी गार पाण्याचा माठ ठेवा. मुतखडा टाळण्याची सुरुवात तिथून होईल.