वसतिगृहातील दांडगाई आणि सोबत्याचा आधार

जून महिन्याच्या मध्यास नाशिक जिल्ह्यातील सुरगाणा, पेठ, कळवण आणि त्र्यंबकेश्वर तालुक्यांतील आश्रमशाळांच्या आवारात एक दृश्य दरवर्षी दिसते. डोक्यावर पत्र्याची पेटी घेतलेला बाप आणि त्याच्या मागोमाग येणारे सहा-सात वर्षांचे मूल. मुलाचे नाव पटावर चढते, पेटी भिंतीशी ठेवली जाते आणि पाऊस वाढण्यापूर्वी बाप आपल्या पाड्याकडे परततो. भात-नागलीची कामे आटोपली की यांपैकी अनेक कुटुंबे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीस जातात. मुलाला घरी जावेसे वाटले, तरी त्या काळात घरी कोणी नसते. वर्षातील बहुतेक दिवस वर्ग, जेवणाची पंगत आणि रात्री शेजारच्या अंथरुणावर झोपणारी मुले हेच त्याचे जग असते.

आश्रमशाळांचा समूहाने विस्तार करण्याची योजना महाराष्ट्र शासनाने १९७२-७३ मध्ये हाती घेतली. आज राज्यात शासकीय आश्रमशाळा पाचशेच्या आसपास आहेत, अनुदानित आश्रमशाळाही मोठ्या संख्येने आहेत, आणि या साऱ्यांचा कारभार पाहणारे आदिवासी विकास आयुक्तालय नाशिक येथेच आहे. आश्रमशाळेची चर्चा निघाली म्हणजे इमारत, धान्य, पाणी आणि आजारपण यांची होते, आणि ती व्हावयासच हवी. परंतु दिवे मालवल्यानंतर एखादे मूल कोणाला भिते, हा प्रश्न बैठकीच्या विषयपत्रिकेवर क्वचितच येतो.

मुलांमधील भांडण आणि छळ यांत फरक आहे. नॉर्वेत काम केलेले मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेउस यांनी १९७० च्या दशकात या विषयाचा पद्धतशीर अभ्यास सुरू केला. त्यांच्या मांडणीनुसार त्रास हेतुपुरस्सर असतो, तो पुनःपुन्हा दिला जातो आणि देणारा व सोसणारा यांचे बळ सारखे नसते, तेव्हा तो छळ होय. वसतिगृहात हे बळ केवळ शरीराचे नसते. वरच्या इयत्तेतील मुलाचे कपडे धुणे, त्याच्यासाठी पाणी भरणे, पेटीतील साबण-तेल काढून घेतले जाणे, टोपणनावाने हिणवले जाणे, अशी त्याची रूपे असतात. घरात कोकणा, वारली किंवा भिली बोलणाऱ्या मुलाला वर्गातील मराठी परकी वाटते. त्याच्या तोंडून निघालेल्या पहिल्याच शब्दाला हशा पिकला, तर पुढे महिनोन्महिने ते मूल तोंड उघडत नाही आणि शिक्षक त्याची नोंद 'मंद' म्हणून करतात.

छळ सोसणारे मूल तसे सांगत मात्र नाही. त्याचे पोट दुखते, अंथरूण ओले होते, पंगतीत ते शेवटी बसते, नाहीतर एके दिवशी शाळेतून पळून जंगलवाटेने घरचा रस्ता धरते. घरी 'बाहेरचे' झाले असे समजून त्याला भगताकडे नेले जाते. अधीक्षकांच्या दप्तरी 'पळून गेला' एवढीच नोंद राहते. पळून जाणे हीदेखील एक तक्रारच असते.

येथे एक कटू गोष्ट सांगणे भाग आहे. शेकडो मुलांवर एक अधीक्षक आणि एक स्त्री अधीक्षिका अशी स्थिती असेल, तर शिस्तीचे काम थोरल्या मुलांवर सोपवले जाते. अशा 'मॉनिटर'च्या हाती छडी आली की छळाला जणू शाळेचीच मान्यता मिळते. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या अधिकाराचा २००९ चा अधिनियम आपल्या कलम १७ अन्वये शारीरिक शिक्षेस आणि मानसिक छळास मनाई करतो. जे शिक्षकाला निषिद्ध आहे, ते आठवीतील मुलाकडून करवून घेता येणार नाही.

तरीही या प्रश्नाचे उत्तर मुलांपाशीच आहे, असे अनुभवी शिक्षक मानतात, आणि संशोधनही तेच सांगते. कॅनडातील प्राथमिक शाळांच्या मैदानांवर चित्रण करून केलेला एक अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. छळाच्या १०० पैकी सुमारे ८८ प्रसंगी इतर मुले जवळ होती, पण त्यांनी मध्ये पडण्याचे प्रसंग जेमतेम १९ होते. त्यांनी हस्तक्षेप केला, तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा छळ दहा सेकंदांत थांबला. म्हणजे पाहणारा गप्प राहिला, तर त्याचे गप्प राहणे छळणाऱ्याच्या पथ्यावर पडते.

म्हणून वर्गात शिकवावयाचे आहे ते या पाहणाऱ्यांना. भाषणापेक्षा छोटी नाटुकली येथे अधिक उपयोगी पडते. एक मूल छळणारे होते, एक सोसणारे, उरलेले बघे. नाटुकली संपल्यावर पहिला प्रश्न बघ्यांना विचारावा: त्या वेळी तुम्हाला काय करता आले असते? दांडग्या मुलाशी झुंजण्याचा सल्ला कोणी देऊ नये. 'चल, जेवायला जाऊ' म्हणून सोसणाऱ्याचा हात धरून त्याला तेथून दूर नेणे, हे तिसरीतील मुलालाही जमते. दुसरा धडा चहाडी आणि मदत यांतील फरकाचा. कोणाला शिक्षा व्हावी म्हणून सांगणे ही चहाडी आणि कोणाचा त्रास थांबावा म्हणून सांगणे ही मदत, एवढे मुलांना नीट उमगले की पुष्कळ तोंडे मोकळी होतात.

या कामी शासनाच्या योजनांची जोड मिळते. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ मध्ये सुरू झाला. त्यात समवयस्क मार्गदर्शकांना 'साथिया' म्हटले जाते. २०२० मध्ये सुरू झालेल्या शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांना, शक्यतो एक स्त्री व एक पुरुष, प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. त्यातील अकरा विषयांत भावनिक स्वास्थ्य व मानसिक आरोग्य हाही एक विषय आहे.

सोबत्याच्या आधारालाही मर्यादा आहे. मुलाने ऐकावे, सोबत बसावे, एकटे सोडू नये. उपचार करणे हे त्याचे काम नव्हे. जिवाला धोका किंवा शरीराला नकोसा स्पर्श, या गोष्टी गुपित म्हणून ठेवावयाच्या नाहीत, हे साथियाला पहिल्याच दिवशी सांगितले पाहिजे. अशा स्पर्शाची माहिती मिळालेल्या प्रौढावर तर पोलिसांना कळवण्याचे बंधन २०१२ च्या लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियमाने घातले आहे. शाळेची अब्रू हे कारण तेथे चालत नाही.

महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंध अधिनियम, १९९९ हा महाविद्यालयांपुरता आहे, असा समज आढळतो. त्याच्या व्याख्येत वसतिगृहेही येतात, आणि चिडवणे, धमकावणे, लाज वाटेल असे कृत्य करावयास लावणे हेही त्यात अंतर्भूत आहे. लेखी तक्रार आल्यापासून सात दिवसांत चौकशी करणे संस्थाप्रमुखावर बंधनकारक आहे. कसूर करणारा अपराधास साहाय्य करणारा ठरतो. दोषी विद्यार्थी अठरा वर्षांखालील असल्यास प्रकरण बालन्यायाच्या कायद्यानुसार हाताळले जाते. ते योग्यच होय, कारण आज छळणारा मुलगा पुष्कळदा काल सोसणारा असतो. त्यालाही कोणीतरी बसून ऐकावे लागते. मात्र दोघांना समोरासमोर उभे करून हस्तांदोलनाने प्रकरण मिटवण्याची पद्धत टाळावी. दुबळ्या मुलाचा होकार तेथे भीतीपोटी असतो.

नाशिकच्या तुरुंगात १९३३ मध्ये 'श्यामची आई' लिहिणारे साने गुरुजी त्यापूर्वी अमळनेरच्या छात्रालयाचे काम पाहत असत. मुलांच्या खोल्या झाडण्यापासून सारी कामे ते स्वतः करीत आणि त्यांच्यासाठी हस्तलिखित दैनिकही काढीत. झाडू हाती असला की न सांगितलेल्याही पुष्कळ गोष्टी दिसतात.

शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावेत, असे २००९ चा अधिनियम सांगतो. या सदस्यांनी आणि पंचायत सदस्यांनी भेटीच्या वेळी काही साध्या गोष्टी पाहाव्यात. तक्रारपेटी आहे, पण पहिलीच्या मुलाला लिहिता येत नाही. मग त्याने कोणाला सांगावे हे ठरले आहे काय? भिंतीवर बालकांसाठीचा १०९८ आणि टेलिमानसचा १४४१६ हे क्रमांक रंगवलेले असतात. ते फिरवण्यासाठी लागणारा दूरध्वनी कुलूपबंद कार्यालयात तर नाही ना? रात्री थोरली व लहान मुले वेगळी झोपतात काय? आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर हजेरीपट मागवून परत न आलेल्या मुलांची नावे उतरवून घ्यावीत. त्यांतील काही आईवडिलांबरोबर द्राक्षबागेत असतील. उरलेल्यांच्या पाड्यावर जाऊन, शाळेचा कोणीही माणूस बरोबर न घेता, त्यांना विचारावे.