हळदीचा कस : शेतात आणि काहिलीत

शेतमालाचा स्वाद व कस केवळ बियाण्यावर ठरत नाही. जमीन, हवामान आणि काढणीनंतरची प्रक्रिया यांचाही त्यात मोठा वाटा असतो. इंडोनेशियातील कॉफी हे याचे बोलके उदाहरण होय. सुमात्रा बेटावर वारंवार पाऊस पडत असल्याने कॉफीचे बी पुरते वाळण्याची वाट न पाहता, ते ओलसर असतानाच त्यावरील टरफल काढतात. त्यामुळे तेथील कॉफीत आंबटपणा कमी व मातकट, दाट स्वाद अधिक आढळतो.

वाशीम जिल्ह्यातील किन्हीराजा परिसरात हळदीच्या बाबतीतही हाच नियम लागू पडतो. दोन शेतकऱ्यांनी एकाच सेलम जातीचे बेणे लावले, तरी बाजारात दोघांस निराळा भाव मिळू शकतो.

पहिला भेद शेतात पडतो. भारी काळ्या जमिनीत पाणी साचल्यास कंदकूज होते. म्हणून निचऱ्याची जमीन निवडून गादीवाफ्यावर लागवड करावी. आठ-नऊ महिन्यांनी पाने पिवळी पडून वाळली म्हणजे काढणी करावी. कोवळ्या कंदास पुरता कस नसतो.

दुसरा भेद शिजवण्यात पडतो. काढणीनंतर २ ते ३ दिवसांत हळद शिजवावी. गड्ड्यांना अधिक वेळ लागतो, म्हणून ते हळकुंडांपासून वेगळे शिजवावेत. काहिलीत कंद बुडतील इतके पाणी घ्यावे. साधारणतः ४५ ते ६० मिनिटांत फेस येऊन हळदीचा वास सुटतो. त्या वेळी हळकुंडात काडी टोचून पाहावी. ती सहज शिरली की हळद शिजली असे समजावे. अधिक शिजल्यास रंग बिघडतो, कमी शिजल्यास हळकुंड ठिसूळ राहते. वाफेच्या बॉयलरमध्ये वेळ कमी लागतो. तथापि काडीची परीक्षा तेथेही टाळू नये.

तिसरा भेद वाळवण्यात पडतो. शिजलेली हळद स्वच्छ फरशीवर किंवा ताडपत्रीवर ५ ते ७ सेंटिमीटर जाडीच्या थरात पसरावी व रात्री झाकून ठेवावी. १० ते १५ दिवसांनी हळकुंड मोडताना खणखणीत आवाज येतो.

१०० किलो ओल्या हळदीपासून सुमारे २० किलो वाळलेली हळद मिळते. एका काहिलीतील निष्काळजीपणाने नऊ महिन्यांचे श्रम वाया जातात. यास्तव ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हंगामाच्या आरंभी काडीच्या परीक्षेचे प्रात्यक्षिक शेतकरी बंधूंस काहिलीपाशीच दाखवावे.